रात्री तीनची साखर

(लातूर येथे दिलेल्या स्मृती व्याख्यानाचा मुद्रित पाठ)

ड्यूटी संपवून गणवेशातच मागच्या रांगेत येऊन बसलेल्या सिस्टर,

ज्यांच्या स्मृतीसाठी आपण जमलो आहोत त्यांचं नाव माझ्या पाठीमागच्या फलकावर मोठ्या अक्षरात आहे. मी त्यांना कधी नावाने हाक मारली नाही. बाई म्हणायचे. वॉर्डातले मामा, मावशी, निवासी डॉक्टर, सगळेच बाई म्हणायचे. आज माइक हातात आला म्हणून नाव घ्यायला जीभ रेटत नाही. तेव्हा बाईच.

संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी सांगितलं, अतिदक्षता विभागातल्या रुग्णाची वाढलेली साखर आणि लाँग अॅक्टिंग इन्सुलिन. फोनवर जरा वेळ काहीच ऐकू येईना. मग ते म्हणाले, "मॅडम, 'मधुमेह : समज-गैरसमज' असं छापू का?" छापा म्हटलं. पत्रिकेवर तसं छापलंय. बोलणार मात्र मूळ विषयावर.

मी नांदेडला निवासी डॉक्टर होते तेव्हा शासकीय महाविद्यालयाचं रुग्णालय वजिराबादेत होतं, विष्णुपुरीला जायला बराच अवकाश होता. तिथे बाई माझ्या पहिल्या सिस्टर इन-चार्ज. ग्लुकोमीटर होता, पण स्ट्रिपा महाग. त्यामुळे लघवीची तपासणी चाले. परीक्षानळीत निळं बेनेडिक्टचं द्रावण, त्यात आठ थेंब लघवी, खाली स्पिरिटचा दिवा. साखर नसेल तर निळं ते निळंच राहायचं. मग हिरवं, पिवळं, केशरी आणि शेवटी वीटकरी. रंगाप्रमाणे इन्सुलिनचे युनिट ठरलेले. ह्यालाच आम्ही स्लायडिंग स्केल म्हणायचो, आणि काहीतरी फार शास्त्रीय करतो आहोत अशी आमची समजूत होती.

त्या पद्धतीत एक मोठी खोट होती. साखर कमी झालेल्याची लघवी आणि बेताची साखर असलेल्याची लघवी, दोन्ही निळ्याच. बाईंना हे आमच्या आधी कळलं होतं. त्यांनी चार्टवर पट्टीने एक जास्तीचा रकाना आखला होता, वर नुसता '३' लिहिलेला. रात्री तीन वाजता त्या स्वतः, किंवा रात्रपाळीची सिस्टर, प्रत्येक इन्सुलिनवाल्या रुग्णाच्या कपाळाला हात लावून बघायची, नाव विचारायची, आणि शंका आली तर राखून ठेवलेली स्ट्रिप वापरायची. त्या स्ट्रिपा त्या कुलपात ठेवत. आम्ही मागितल्या तर देत नसत.

आता मुद्द्याकडे येते. अतिदक्षता विभागातला माणूस जेवत नाही, मग त्याची साखर वाढते कशी? यकृतातून. जबर आजारात अॅड्रेनॅलिन, कॉर्टिसॉल, ग्लुकागॉन असे सगळे रस एकदम सुटतात, यकृत आपली कोठारं उघडतं आणि नवीन साखरही बनवू लागतं. त्याच वेळी स्नायू इन्सुलिनचं ऐकेनासे होतात. त्यात आमची भर असतेच. स्टिरॉइड, रक्तदाब धरून ठेवणारी औषधं, डेक्स्ट्रोजचं सलाईन, नाकातल्या नळीतून चालू असलेलं जेवण. बाहेर बसलेले नातेवाईक म्हणतात, "मॅडम, ह्यांना कधीच साखर नव्हती बघा, हितं आणल्यावरच झाली." कधी ते खरं असतं. कधी एचबीएवनसी, म्हणजे मागच्या काही महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी, काढली की कळतं, साखर आधीपासून घरातच होती, कुणी विचारलं नव्हतं.

आपल्याकडचं एक उदाहरण मुद्दाम सांगते, कारण ते परदेशी पुस्तकांत चार ओळींत उरकलेलं असतं. 'औषध घेतलेला' रुग्ण. औषध म्हणजे कोणतं हे ह्या सभागृहात समजावून सांगावं लागत नाही. पिकावर फवारायचं ऑर्गॅनोफॉस्फरस पोटात गेलेला तरुण मुलगा किनवटकडून किंवा निलंग्याकडून येतो. तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, आणि साखर तीनशेच्या वर. त्याला मधुमेह नसतो. विषाने अंगात जो कल्लोळ माजवलेला असतो त्याने साखर चढते, आणि विष उतरू लागलं की बहुतेकदा एक-दोन दिवसांत आपसूक उतरते. अशा मुलाला संध्याकाळी आकडा बघून चोवीस तास पुरणारं इन्सुलिन टोचलं तर पहाटे काय होईल? साखर विषाबरोबर उतरणार, इन्सुलिन मात्र कातडीखाली बसून आपलं काम करतच राहणार. आणि तो मुलगा व्हेंटिलेटरवर, गुंगीत. घाम फुटला तर तो अॅट्रोपिनमुळे दिसणार नाही, हात कापले तर झोपेच्या औषधामुळे कळणार नाही. 'कसंतरी होतंय' म्हणायला तोंडात नळी.

म्हणून पुस्तक सांगतं की अतिदक्षता विभागात इन्सुलिन शिरेतून द्या. पन्नास मिलिलिटर सलाईनमध्ये पन्नास युनिट साधं इन्सुलिन, सिरिंज पंपावर, तासाला इतके युनिट. शिरेतल्या इन्सुलिनचं आयुष्य काही मिनिटांचं. पंप बंद केला की तासाभरात त्याचा जोर ओसरतो. लातूरकरांना पाण्याच्या भाषेत सांगते. शिरेतलं इन्सुलिन म्हणजे नळ. लाँग अॅक्टिंग म्हणजे पाझर तलाव. तलाव भरला की विहिरीला सावकाश, एकसारखं पाणी लागतं, रोज कुणाला चावी फिरवावी लागत नाही. पण एकदा जमिनीत मुरलेलं पाणी परत काढून घेता येत नाही.

हा पाझर साधायला माणसाला बरीच वर्षं लागली. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोला लेनर्ड थॉम्पसन ह्या चौदा वर्षांच्या मुलाला पहिलं इन्सुलिन टोचलं गेलं, पण त्याचा असर काही तासच टिके. डेन्मार्कच्या हागेडॉर्न यांनी १९३६ मध्ये इन्सुलिनला प्रोटामिन हे माशापासून मिळणारं प्रथिन जोडलं, त्यामुळे ते हळू विरघळू लागलं. त्यातून पुढे १९४६ च्या सुमारास एनपीएच आलं, ते आजही आपल्याकडे आहे. दुधाळ, वापरण्यापूर्वी तळहातांत घोळवावं लागणारं. मग २००० मध्ये अमेरिकेत ग्लार्जिनला मान्यता मिळाली. ह्याची गंमत अशी की कुपीत ते आंबट द्रावणात असतं, पाण्यासारखं स्वच्छ. कातडीखाली गेलं की आंबटपणा मोडतो आणि त्याचे सूक्ष्म कण बनतात. ते कण खडीसाखरेसारखे सावकाश विरघळत सुमारे चोवीस तास पुरतात. डेग्लुडेक त्याहून लांब, चाळीस तासांच्या वर.

मराठवाड्याने ह्यात आपला वाटा उचललाय, हे फार लोकांना ठाऊक नसतं. वोक्हार्टने २००३ मध्ये भारतीय कंपनीचं पहिलं जनुकतंत्राने बनवलेलं मानवी इन्सुलिन, वोसुलिन, बाजारात आणलं, आणि ह्या कंपनीचा इन्सुलिनचा कारखाना औरंगाबादला. पुढे भारतीय कंपन्यांचं ग्लार्जिनही आलं आणि किंमत उतरली. तेव्हा आज नांदेड-लातूरच्या मेडिकलवर लाँग अॅक्टिंग मिळत नाही अशी तक्रार नाही. आपल्याकडे टंचाई दुसऱ्याच गोष्टीची आहे. तिच्याकडे येतेच, पण आधी जगाने एक मोठी चूक कशी केली आणि कशी कबूल केली ते सांगू द्या. मला त्या गोष्टीचं फार अप्रूप आहे.

२००१ साली बेल्जियममधल्या लुव्हेन इथून ग्रीट वान डेन बर्ग यांनी १५४८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेनंतर अतिदक्षता विभागात आलेले रुग्ण. निम्म्यांची साखर ८० ते ११० मध्ये घट्ट बांधून ठेवली, बाकीच्यांची २१५ च्या वर गेल्यावरच इन्सुलिन सुरू केलं. अतिदक्षता विभागातले मृत्यू आठ टक्क्यांवरून साडेचारच्या आसपास आले. सगळं जग हललं. आम्हीसुद्धा. नांदेडला दोन सिस्टर आणि भरलेला वॉर्ड घेऊन आम्ही साखर ११० वर आणायला निघालो. बाई तेव्हा निवृत्तीच्या जवळ आल्या होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "ह्या बेल्जियमच्या वॉर्डात रात्री किती पोरी असतात हो?"

ह्या प्रश्नाचं उत्तर यायला आठ वर्षं लागली. २००९ मध्ये नाइस-शुगर नावाचा अभ्यास आला, मुख्यतः ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि कॅनडातला, ६१०४ रुग्णांचा. घट्ट साखरवाल्या गटात नव्वद दिवसांत २७.५ टक्के रुग्ण दगावले, आणि १८० च्या आत सैलसर ठेवलेल्या गटात २४.९ टक्के. चाळीसपर्यंत किंवा त्याहून खाली साखर जाण्याचं प्रमाण एकीकडे ६.८ टक्के, दुसरीकडे अर्धा टक्का. घट्ट बांधायला गेलो आणि गळा आवळला. लुव्हेनचे रुग्ण बहुतांश हृदयशस्त्रक्रियेचे होते आणि त्यांना शिरेतून भरपूर साखर व पोषण दिलं जात होतं, हा फरक लोकांनी मग नीट वाचला. त्याच वान डेन बर्ग बाईंच्या गटाने २०२३ मध्ये ९२३० रुग्णांवर पुन्हा तपासलं, शिरेतलं पोषण लवकर न देता. घट्ट साखरेने फायदाही झाला नाही, तोटाही नाही. आपलंच गाजलेलं काम वीस वर्षांनी स्वतः पुन्हा तपासायला बसायचं, ह्याला वेगळी छाती लागते.

आज सर्वसाधारण नियम असा: साखर १८० च्या वर सलग दिसली तर इन्सुलिन सुरू करा आणि १४० ते १८० मध्ये ठेवा. १८० हा आकडा हवेतून आलेला नाही. त्याच्या आसपास मूत्रपिंड साखर लघवीत सोडू लागतं, साखर आपल्याबरोबर पाणी घेऊन जाते, आणि आधीच कोरडा पडलेला रुग्ण आणखी कोरडा पडतो.

आता आपली टंचाई. हिशोब मांडते, कागद लागणार नाही. दहा खाटांचा विभाग, सहा रुग्ण इन्सुलिनच्या पंपावर. दर तासाला एक तपासणी म्हणजे दिवसाला १४४. हात धुणं, बोट पुसणं, टोचणं, आकडा लिहिणं, पंपाचा वेग बदलणं, पुन्हा हात धुणं, पाच मिनिटं धरा. झाले ७२० मिनिटं. बारा तास. नुसत्या साखरेपायी एका माणसाची दीड पाळी. कागदावर अतिदक्षता विभागात एका खाटेला एक परिचारिका असावी असं आहे. ते वाक्य मी ह्या सभागृहात मोठ्याने वाचलं तर मागच्या रांगेत हसू येईल. आलंच.

मग काय होतं? दर तासाची तपासणी दर दोन तासांनी होते, पहाटे दर चार तासांनी, आणि पंप मात्र तासाच्या हिशोबानेच चालू राहतो. न बघता चालू ठेवलेला नळ. नळाची सगळी खुबी चावी फिरवण्यात आहे. चावीपाशी माणूस नसेल तर लुव्हेनचा कागद भिंतीवर लावून उपयोग नाही.

म्हणून काही रुग्णांत पाझर तलाव बरा. हे मी फार वर्षं उघडपणे म्हणायला कचरत होते, कारण पुस्तकात पहिली पसंती शिरेलाच आहे आणि राहील. पण ज्याचा रक्तदाब आता औषधाशिवाय टिकतोय, नळीतलं जेवण ठरल्या वेगाने पचतंय, लघवी होतेय, पंपावरची मागणी सहा-आठ तास एकसारखी आहे, त्याला लाँग अॅक्टिंगवर आणता येतं. समजा पंप तासाला दोन युनिटवर स्थिर आहे. दिवसाचे ४८ झाले. तेवढे सगळे द्यायचे नाहीत. साठ ते ऐंशी टक्के, म्हणजे २९ ते ३८. आपल्याकडचे रुग्ण बारीक, मूत्रपिंडं थकलेली, मी खालचाच आकडा घेते. आणि टोचल्यावर पंप लगेच बंद करायचा नाही, निदान दोन तास दोन्ही चालू ठेवायचं, कारण तलावाचा पाझर विहिरीपर्यंत यायला वेळ लागतो. हा दोन तासांचा दुवा तुटला की सकाळी साखर चारशे, आणि राउंडला कुणीतरी म्हणतं, लाँग अॅक्टिंग चालत नाही बरं का आपल्याकडे.

कुणाला नको, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. शॉकमधल्या रुग्णाला नको. त्याची कातडी थंड असते, रक्त तिथे पोचत नाही, टोचलेलं इन्सुलिन तसंच पडून राहतं, आणि उद्या रक्तदाब सुधारला की कालचं आणि आजचं एकदम उठतं. ज्याची मूत्रपिंडं रोज बिघडताहेत त्याला नको, निदान कमी तरी, कारण इन्सुलिनचा बराच निपटारा मूत्रपिंडातच होतो. मघाचा औषध घेतलेला मुलगा, त्याला नको. आणि ज्याला दिलंय त्याचं नळीतलं जेवण सीटी स्कॅनसाठी किंवा उलटी झाली म्हणून थांबवलं, तर त्याच क्षणी दहा टक्के डेक्स्ट्रोज लावायचं. जेवण थांबवणारा एक, इन्सुलिन देणारा दुसरा, आणि दोघांची गाठ नाही, हीच सगळी भानगड असते.

मीटरबद्दल एक अवांतर. रक्त कमी असलेल्या माणसात बोटाच्या टोकावरचं मीटर खऱ्यापेक्षा जास्त साखर दाखवू शकतं. आपल्याकडे हिमोग्लोबिन सात-आठ असलेल्या बाया रोज भरती होतात. म्हणजे मीटर ८० म्हणतंय, आणि आत ६० असू शकते. शंका आली तर शिरेचं किंवा धमनीचं रक्त लॅबला पाठवावं. बोट सुजलेलं असेल तर त्यातून निघालेल्या थेंबावर माझा विश्वास नाही.

आता माझ्या हातून झालेली एक गोष्ट. गाव सांगत नाही, रुग्णालय सांगत नाही. न्यूमोनियाचा रुग्ण, व्हेंटिलेटरवर, पाचव्या दिवशी बरा स्थिर. मी लिहिलं, ग्लार्जिन २० युनिट, रात्री नऊ. नातेवाइकांनी मेडिकलवरून कुपी आणली. ती होती एका मिलिलिटरला शंभर युनिटची. ट्रेमध्ये सिरिंजा लाल टोपणाच्या, चाळिसाच्या. आपल्याकडच्या साध्या इन्सुलिनच्या कुप्या बहुधा चाळिसाच्याच असतात, म्हणून त्याच सिरिंजा ठेवलेल्या. सिस्टरने बिनचूक वीसच्या रेघेपर्यंत भरलं. चाळिसाच्या सिरिंजमध्ये वीसची रेघ म्हणजे अर्धा मिलिलिटर. शंभराच्या कुपीतून अर्धा मिलिलिटर म्हणजे पन्नास युनिट. अडीचपट. शंभराच्या सिरिंजला केशरी टोपण असतं, ते त्या ट्रेमध्ये नव्हतंच.

त्यात कुपी स्वच्छ पाण्यासारखी. जुन्या सिस्टरांना आम्हीच शिकवलं होतं, दुधाळ ते लांबचं, स्वच्छ ते झटपट. ग्लार्जिनने तो नियम मोडला, आणि आम्ही ते कुणाला सांगितलं नाही.

त्या रात्री तीन वाजता साखर ३८ होती. ती कळली, कारण तिथली रात्रपाळीची सिस्टर नांदेडला बाईंच्या हाताखाली तयार झालेली होती आणि चार्टवर नसलेला रकाना तिच्या डोक्यात होता. पंचवीस टक्के डेक्स्ट्रोज दिलं, साखर चढली, पुन्हा उतरली. पाझर थांबत नाही ना. दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत दहा टक्क्यांचं सलाईन चालू ठेवावं लागलं. माणूस वाचला, घरी गेला, पुढे दिवाळीला चिवडा घेऊन आला. चौकशीत सगळ्यांची नजर सिस्टरकडे वळली तेव्हा मी म्हटलं, ऑर्डर माझी आहे. २० युनिट लिहिलं, पण कुपी कितीची आणि सिरिंज कोणती ते लिहिलं नाही. तेव्हापासून लिहिते. अक्षरही सुधारलंय.

कोविडवर थोडकं बोलते, आठवणी सगळ्यांच्याच ताज्या आहेत. जून २०२० मध्ये कळलं की डेक्सामेथासोनने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात. दिवसाला सहा मिलिग्रॅम, दहा दिवस, आणि फक्त ऑक्सिजन लागणाऱ्यांना. स्वस्त, जुनं, तालुक्यालाही मिळणारं औषध. पण २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये ते घरोघर गेलं, ऑक्सिजन न लागणाऱ्यांनाही, दुप्पट-तिप्पट, मोजदाद नसताना. स्टिरॉइडने साखर चारशे-पाचशेवर, आणि त्यामागून काळी बुरशी. नाकात काळी खपली, टाळू काळवंडलेली, डोळा पुढे आलेला. २० मे २०२१ ला केंद्राने हा आजार नोंदणीय करायला सांगितला. तोवर आम्ही डोळे काढायला लागलो होतो.

त्या दिवसांत किट घालून दर तासाला आत जाणं कुणालाच शक्य नव्हतं, मे महिन्यात, आपल्या उन्हात. जगभर डॉक्टरांनी तेव्हा शिरेचं इन्सुलिन कमी करून लाँग अॅक्टिंग वाढवलं, निव्वळ आत जाण्याच्या खेपा वाचाव्यात म्हणून. आम्हीही केलं. सकाळी स्टिरॉइडबरोबरच एनपीएच, कारण दोघांचा चढ-उतार बराच जुळतो, आणि रात्रीचा डोस हलका. चोवीसऐवजी सहा तपासण्या. त्यातली एक रात्री तीनची, ती कुणी सोडली नाही.

बाई त्याच लाटेत गेल्या. मी भेटायला गेले तेव्हा मास्कमधून काहीतरी म्हणाल्या, मला नीट ऐकू आलं नाही. शेजारची सिस्टर म्हणाली, मॅडम, बाई शुगर किती ते विचारतायत. दोनशे दहा होती. मी एकशे साठ सांगितली. त्यांनी चार्ट मागितला.

वेळ होत आली. दोन चिठ्ठ्या आल्यात, त्या घेते आणि थांबते.

पहिली: "सायब, आयशीयूत सुई चालू केलाव, म्हणजे आता जन्माची लागली का?" मला सायब म्हटलंय, चालेल. नाही. आजारपणात चढलेली साखर बऱ्याच जणांची उतरते आणि सुई सुटते. ज्यांची एचबीएवनसी आधीच वाढलेली होती त्यांना पुढे गोळ्या किंवा सुई लागू शकते. पण घरी गेल्यावर सहा ते बारा आठवड्यांनी पुन्हा तपासून घ्या. आपल्या मनाने बंद करू नका, आणि दवाखान्यातला डोस तसाच वर्षभर चालवूही नका.

दुसरी चिठ्ठी अहमदपूर तालुक्यातून आलेल्या एका मुलाची दिसते. वडिलांना काल सुट्टी मिळाली, कागदावर लाँग अॅक्टिंग आहे, ते शेतातल्या घरी राहतात, फ्रिज नाही, वीज रात्रीची. सुई कुठे ठेवू? बाळा, न उघडलेल्या कुप्या गावातल्या कुणाच्या तरी फ्रिजमध्ये ठेव, खालच्या कप्प्यात, दाराशी. बर्फाच्या कप्प्यात नाही, गोठलेलं इन्सुलिन वाया गेलं, पुन्हा वितळलं तरी वापरायचं नाही. चालू कुपी शेतात राहू दे. एक मातीचा माठ घे, तो मोठ्या परातीत ओल्या वाळूवर ठेव, वाळू सकाळ-संध्याकाळ भिजव. आत कोरडा डबा, डब्यात कुपी, वर ओलं फडकं. सावलीत, वारा लागेल अशा जागी. कुपी उघडल्याची तारीख तिच्यावर पेनाने लिही, अठ्ठावीस दिवसांनी टाकून दे. आणि लाल टोपणाची सिरिंज आहे की केशरी, ते जाताना मला दाखवून जा. मी इथेच आहे.